करकरीत कोबीचं प्रकरण

माझ्याकडून कळलं असं कुणाला सांगू नका, पण आमच्या सोसायटीत सध्या चांगल्या घरातली, पोक्त, मेंटेनन्स वेळेवर भरणारी माणसं कोबी कच्चा खायला लागली आहेत. अगदी कच्चा नव्हे म्हणा. विस्तवाचं तोंड दाखवून परत आणलेला. घास घेतला की दाताखाली कर्र असा आवाज येतो, आणि आवाज आला की खाणारा मान डोलावतो. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या कोबी झाकण ठेवून, झाकणावर पाणी ठेवून, हरभऱ्याच्या डाळीच्या साक्षीने मऊ होत आला, त्या घरांत हे चाललंय. आणि तेही दार सताड उघडं टाकून!

प्रकाराचं नाव स्टर फ्राय. पूर्ण नाव घ्यायचं तर चिकन व्हेजिटेबल स्टर फ्राय. 'आज आमच्याकडे चायनीज आहे' असं पूर्वी कुणी म्हणालं तर नाक्यावरच्या गाडीवरून पार्सल आणलंय एवढाच त्याचा अर्थ असायचा, आणि सांगणाऱ्याचा आवाज जरा खाली यायचा. आता तोच माणूस भर लिफ्टमध्ये 'घरीच केलं हो, अगदी कमी तेलात' असं सांगतो. लिफ्ट चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्याने पातळ सोया सॉस खारट असतो आणि दाट काळा मुख्यतः रंगाला असतो, हेसुद्धा समजावून झालेलं असतं. कुणी विचारलं होतं?

संशयाचे वार ठरलेले आहेत. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरले बुधवार, शुक्रवार, रविवार, आणि ज्यांच्याकडे देवीचं आहे त्यांचा शुक्रवारही गेला. पण ज्या दिवशी सुटका असते त्या दिवशी संध्याकाळी साडेसातनंतर बी विंगच्या जिन्यात उभं राहून बघा. आलं-लसूण तापल्या तेलात पडल्याचा वास येतो, आणि त्याच्या मागोमाग जो येतो तो आपल्या कुठल्याच मसाल्याचा नसतो. तळमजल्यावरच्या आजी त्याला 'तो वास' म्हणतात.

सुरुवात कुणी केली यावर दोन तट आहेत. एक तट ए विंगमधल्या जिमवाल्या मुलाकडे बोट दाखवतो. त्याला दिवसाला किती ग्रॅम प्रोटीन लागतं हे त्याच्या आईला तोंडपाठ आहे. दहावीला त्याला किती टक्के पडले ते तिला आठवावं लागतं. रोज ते उकडलेलं पांढरं चिकन बघून तिचाच जीव कासावीस व्हायचा, म्हणून एक दिवस तिने त्यात ढोबळी मिरची परतून टाकली. झालं, तिथून पाऊल घसरलं. दुसऱ्या तटाचा रोख निवृत्त बँकवाल्या काकांवर आहे. डॉक्टरांनी त्यांना तेल कमी करा, भाज्या वाढवा असं सांगितलं. काकांनी आयुष्यभर भाजी ही चिकन नसलेल्या दिवसांची शिक्षा म्हणून भोगली होती. दोन्ही एकाच कढईत, एकाच वेळी, डॉक्टरांच्या परवानगीने येऊ शकतं हे कळल्यापासून त्यांच्या चालण्यातच फरक पडलाय, असं काकूंचंच म्हणणं.

पुरावा हवा असेल तर आमच्या भाजीवालीकडे जा. ती आता गिऱ्हाइकाचा चेहरा बघून विचारते, 'चायनीजचं देऊ?' आणि हो म्हणायच्या आत लाल-पिवळी ढोबळी मिरची, ब्रोकली, बेबी कॉर्न आणि मशरूमचा डबा काट्याशेजारी आलेला असतो. कांद्याच्या पातीची तर कमालच झाली. बिचारीची उभी हयात पीठ पेरून घेण्यात गेली. आता तिचा पांढरा भाग वेगळा, हिरवा वेगळा, आणि हिरवा अगदी शेवटी, गॅस बंद करता करता टाकायचा, असा मान. पिवळ्या ढोबळी मिरचीचा भाव विचारून आमच्या शेजारणीने 'एवढ्यात साडीचा फॉल-पिको होतो' असं म्हटलं, आणि दोन घेतल्या.

दुसरा पुरावा फ्रीजच्या दारात. काळी, लाल, हिरवी अशा तीन बाटल्या ज्या घरात शेजारीशेजारी उभ्या दिसतील ते घर गेलं असं समजायचं. व्हिनेगर पूर्वीपासून असतंच, पण ते कांद्यासाठी आहे असं सांगता यायचं.

तसं बघायला गेलं तर चायनीज हे आपलं जुनं लफडं आहे. ताजमहाल हॉटेलात १९७३ साली गोल्डन ड्रॅगन उघडलं ते बड्या लोकांसाठी. पण गल्लीत जे पोचलं ते चिकन मंचुरियन, आणि त्याचा जन्म मुंबईतलाच. कोलकात्यात वाढलेला चिनी वंशाचा नेल्सन वांग हा स्वयंपाकी १९७५ च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियात काम करत होता. कुणा गिऱ्हाइकाने यादीत नसलेलं काहीतरी मागितलं. त्याने आलं, लसूण, हिरवी मिरची असा आपल्या ओळखीचा सगळा सरंजाम घेतला आणि गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस ओतला, अशी कथा सांगतात. म्हणजे पुण्या-मुंबईची मुलं ज्याला चायनीज म्हणून लहानाची मोठी झाली त्याचं आजोळ चर्चगेटला आहे. मंचुरिया नावाच्या मुलखाला यातलं काही ठाऊक नाही. पुढे लॉलीपॉप आलं, ट्रिपल शेजवान आलं, आणि तळलेल्या नूडल्समध्ये कोबी-कांदा घालून चायनीज भेळ झाली तेव्हा तर दोन्हीकडच्या वऱ्हाडाने गप्प बसायचं ठरवलं असावं.

बदनामीही काही कमी झालेली नाही. गोव्यात म्हापसा पालिकेने २०२४ च्या सुरुवातीला गोबी मंचुरियनच्या गाड्यांवर बंदी घातली. कारण कृत्रिम रंग आणि गाड्यांवरची अस्वच्छता. त्याआधी २०२२ मध्ये वास्कोच्या सप्ताहाच्या जत्रेतही गोबी मंचुरियनवर अन्न प्रशासनाची नजर वळली होतीच. २०२४ च्याच मार्चमध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांना बंदी केली. फुलकोबीसारख्या गरीब गाईवर दोन-दोन राज्यांत कारवाई! आणि जून २०२० तुम्हाला आठवत असेल. गलवानमध्ये आपले वीस जवान गेले होते, लोकांचा राग खरा होता. तेव्हा केंद्रीय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी चिनी पदार्थांवर बहिष्कार टाका, ते विकणाऱ्या हॉटेलांवर बंदी आणा, असं आवाहन केलं. बहिष्कार टाकायचा तर नेमका कशावर, हा पेच आमच्या नाक्यावरच्या गाडीसमोर उभ्या असलेल्या सगळ्यांना पडला, कारण त्या शेजवान राइसचा चीनशी संबंध सोया सॉसच्या चमच्याएवढा. राग माणसांवर निघाला तो त्याच्या कितीतरी आधी, १९६२ च्या युद्धात. भारतातल्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना तेव्हा राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं होतं. हे आठवलं की गप्पांची चव जाते. पुढे जाऊ.

तर मुद्दा हा, की गाडी अशी बदनाम झाल्यावर सभ्य माणसांनी तिच्याकडे जाणं सोडलं, आणि तिलाच घरी आणलं. सोवळ्यात. बिनरंगाची, कमी तेलाची, ब्रोकली नेसवलेली.

आता मुख्य आरोप. हा पदार्थ पुरुष करतात!

पुरुषांनी मटण करणं आपल्याला नवीन नाही. पण मटण करणारा पुरुष दोन शिट्ट्यांच्या मध्ये गॅलरीत जाऊन येतो, ग्लास हातात घेतो, आणि कांदा-खोबऱ्याचं वाटण आयतं मागतो. स्टर फ्रायमध्ये ती सोय नाही. इथे गॅस पेटवण्याआधी सगळं चिरून, मापून, वाट्यावाट्यांत मांडून ठेवावं लागतं, कारण कढई एकदा तापली की सगळा खेळ चार-पाच मिनिटांचा. मध्येच 'अगं, कॉर्नफ्लोअर कुठे असतं?' असं विचारायला उसंत नाही. आतल्या खोलीतून उत्तर येईपर्यंत लसूण काळी पडते. त्यामुळे पाच मिनिटांच्या पदार्थासाठी दीड तास चिराचिरी चालते. ओट्यावर बघाल तर सत्यनारायणाची मांडणी परवडली. चिकनच्या पट्ट्या पातळ आणि मांसाच्या धाग्यांना आडव्या, गाजर तिरकं, फरसबी बोटाच्या पेराएवढी, ढोबळी मिरचीचे चौकोन. प्रत्येक तुकडा अशा मापाचा की सगळे बरोबरीने शिजले पाहिजेत. जे चिवट ते आधी पडणार, जे नाजूक ते मागाहून. सी विंगमध्ये आयुष्यभर ड्रॉइंग बोर्डावर काम केलेले एक काका काडेपेटीतली काडी शेजारी ठेवून गाजर कापतात. त्यांच्या बायकोने हे मला सांगितलं ते हसत की रडत, ते फोनवर नीट कळलं नाही.

मग चिकनचे लाड. त्याला सोया सॉस, चमचाभर कॉर्नफ्लोअर, अंड्यातलं पांढरं आणि जरासं तेल चोळून पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवायचं. कॉर्नफ्लोअरचा पातळ थर आतला ओलावा धरून ठेवतो आणि वरून सॉसलाही चिकटायला जागा देतो. काही धीट मंडळी त्यात चिमूटभर खायचा सोडा घालतात. सोड्याने मांस किंचित अल्कधर्मी होतं, त्यातली प्रथिनं तापल्यावर एकमेकांना घट्ट आवळत नाहीत, आणि एरवी कोरडं पडणारं छातीचं मांससुद्धा मऊ लुसलुशीत राहतं. हॉटेलातलं चिकन असं गुळगुळीत कसं, यामागची ही आतली बातमी. आमच्याकडच्या जुन्या बायकांना ती पचलेली नाही. 'सोडा भज्यांत घालतात, कोंबडीत?' असं एकीने विचारलं आणि छातीला हात लावला. चिमटीचा चमचा झाला तर साबणाची चव येते हेही खरं, आणि असा साबण सी विंगमध्ये एकदा सहकुटुंब खाल्ला गेलाय, असं मी ऐकून आहे. पिवळ्या बलकांचं ही माणसं काय करतात, हा वेगळा तपास.

सासूबाई शाकाहारी असतील तर काय, असं विचाराल. तर या बाबतीत हा पदार्थ भलताच लबाड निघाला. चिकन आणि भाज्या मुळात वेगवेगळ्याच परततात, शेवटी सॉससाठी एकत्र आणतात. तेव्हा क्रम उलटा केला की काम झालं. भाज्या आधी परतायच्या, सासूबाईंचं ताट बाजूला काढायचं, मग कढईत कोंबडी उतरवायची. सोवळंही सांभाळलं, ब्रोकलीही पोटात गेली. फक्त ऑयस्टर सॉसकडे लक्ष असू द्या. तो कालवांचा असतो. एका घरात तो 'मशरूमचा आहे आई' असं सांगून वाढला जातो. मशरूमचाही मिळतो, नाही असं नाही. पण मी ती बाटली बघितली आहे.

या सगळ्या तयारीनंतर पदार्थ फसतो तो शेगडीपाशी. चिनी हॉटेलातल्या भट्टीची आच घरातल्या बर्नरच्या दहापट नाही तर त्याहून जास्त असते. त्या आचेवर कढई उडवली की तेलाचे कण ज्योतीत पेटतात आणि अन्नाला तो धुरकट, खमंग वास लागतो. कॅन्टनकडचे लोक त्याला 'वॉक हे' म्हणतात. आमच्या बी विंगमध्ये 'हॉटेलचा टच' म्हणतात, आणि त्यासाठी माणसं वेडी झाली आहेत. घरच्या आचेवर तो थोडाफार आणायचा तर उपाय साधा आहे. कढई धूर येईपर्यंत कोरडी तापवायची, मग तेल, मग एका वेळी तीनशे-साडेतीनशे ग्रॅमपेक्षा जास्त चिकन टाकायचं नाही, आणि टाकल्यावर पसरून मिनिटभर हात लावायचा नाही. हात न लावणं! आपल्याकडे कढईसमोर उभा राहिलेला माणूस चमचा न फिरवता मिनिटभर राहू शकतो का? आणि घरात माणसं सहा, पाहुणे दोन, फ्रीजमध्ये चिकन किलोभर. तो सगळा किलो एका दमात आत जातो. कढई गार पडते, चिकनला पाणी सुटतं, ब्रोकली त्यात पोहायला लागते, आणि स्टर फ्रायचा बघता बघता रस्सा होतो. मग त्यात कॉर्नफ्लोअर कालवून ओततात. मग 'ग्रेव्ही मुद्दाम ठेवली' असं जाहीर होतं. मग कुणीतरी हळूच कणकेचा डबा काढतं. मूळ कोल्हापूरच्या एका गृहस्थांनी त्यावर कांदा-लसणीची चटणी भुरभुरवली आणि पोळीशी खाल्लं. चांगलं लागलं, असं ते म्हणतात. यात नाकारण्यासारखं काही नाही, हीच तर पंचाईत.

भांड्यांचाही एक किस्सा सांगते. तीन घरांनी यासाठी नवीन नॉनस्टिक वॉक घेतले. ज्या पदार्थाचा जीव धूर येईपर्यंत तापलेल्या लोखंडात आहे, त्यासाठी जास्त तापवायचंच नसतं असं भांडं! नॉनस्टिकचा लेप साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे खराब व्हायला लागतो, आणि फार तापला तर त्याच्या वाफा पिंजऱ्यातल्या पक्ष्यांच्या जिवावर बेततात. म्हणजे या भांड्यात वॉक हे शोधायला गेलात तर अक्षरशः पोपट होतो. इकडे त्याच घरांत माळ्यावर आजेसासूबाईंची बुडाशी काळीकुळकुळीत लोखंडी कढई पालथी पडलेली. आणि तेलाचं तर विचारूच नका. दक्षिण चीनमध्ये परतायला पूर्वापार शेंगदाण्याचं तेल वापरतात. आपल्याकडे घाणीवरचं नाही तर डब्यातलं शेंगदाणा तेल घरोघर. तरी माणसं स्टर फ्रायसाठी ऑलिव्ह ऑइलची हिरवी बाटली आणतात. या एका बाबतीत माझा राग खोटा नाही.

नव्या फ्लॅटवाल्यांची गोष्ट आणखी निराळी. बिल्डरने भिंत काढून स्वयंपाकघर उघडं करून दिलंय. चिनी घरांत स्वयंपाकघराला बहुतेक वेळा दार असतं आणि चुलीवर दणकट चिमणी, ती याच तेलाच्या धुरापायी. इथे धूर सरळ सोफ्यावर जाऊन बसतो. पुढचे तीन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला मेनू सांगायची गरज राहत नाही.

अजिनोमोटोबद्दल मात्र सगळे दबक्या आवाजात बोलतात. 'आम्ही नाही हो घालत', असं विचारण्याआधीच सांगतात, आणि पुडी हळदी-कुंकवाच्या डब्यामागे असते. त्या पांढऱ्या कणांचा शोध जपानी रसायनतज्ज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या कढणावरून लावला. बदनामी झाली ती १९६८ मध्ये, अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका पत्रामुळे. चिनी हॉटेलात जेवलं की मानेत बधिरपणा येतो, छाती धडधडते, अशी त्यात एका डॉक्टरांची तक्रार होती. कारण अजिनोमोटो असेल, मीठ असेल किंवा स्वयंपाकातली वाइनही असेल, असे अंदाज होते. त्यातलं एकच लोकांनी उचललं. पुढे तपासण्या झाल्या, आणि अमेरिकेच्या अन्न प्रशासनाच्या यादीत ते आजही सर्वसाधारणपणे सुरक्षित म्हणूनच आहे. पिकलेल्या टोमॅटोत, चीजमध्ये तेच द्रव्य निसर्गतःच असतं. पण टोमॅटोची कोशिंबीर करणाऱ्या बाईला जिन्यात कुणी अडवत नाही. मिठाचं म्हणाल तर खरा घोळ तिथे आहे. सोया सॉस खारट, चिली सॉस खारट, आणि वरून सवयीने चमचाभर मीठ. रक्तदाबासाठी म्हणून सुरू झालेल्या पदार्थाची ही गत. बँकवाल्या काकांच्या काकूंनी यावर मीठच लपवून ठेवलंय, असं कळतं.

या सगळ्यात खरी लाज आणली ती तळमजल्यावरच्या आजींनी. आजी मालवणच्या. 'तो वास' म्हणून नाकाला पदर लावणाऱ्या त्याच. नातवाने त्यांना शेजवान सॉसचं कौतुक सांगितलं, मूळ चीनमधल्या सिचुआन प्रांतात त्यात एक मिरं घालतात, त्याने जिभेला मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, वगैरे. आजींनी शांतपणे बरणी काढली आणि दोन टरफलं त्याच्या हातावर ठेवली. तिरफळं. बांगड्याच्या तिखल्यात पडतात ती. सिचुआनचं ते मिरं आणि कोकण-गोव्याचं तिरफळ एकाच कुळातली झाडं. दोन्हींचं बी टाकून द्यायचं आणि टरफल वापरायचं, दोन्हींनी जीभ थरथरते. आपल्या बाजारातल्या लालभडक शेजवान चटणीत मिरची आणि लसूण ढीगभर, पण त्या मुंग्यांचा बहुधा पत्ता नसतो. म्हणजे सिचुआनचा अस्सल झटका गेली कित्येक वर्षं तळमजल्यावर, बांगड्याच्या आमटीत होता, आणि आम्ही तो वरच्या मजल्यांवर बाटलीत शोधत होतो. नातवाने आता चिकन स्टर फ्रायमध्ये तिरफळ ठेचून घालायला सुरुवात केली आहे. आजींना ते आवडलं. वासाबद्दलची तक्रार त्यांनी मागे घेतलेली नाही, ती फक्त पहिल्या मजल्यापासून वर लागू आहे.

एवढ्यावर मी गप्प बसले असते. पण परवा मला जे कळलं त्याने माझी झोप उडाली आहे. आपल्याकडे गरम पोळी तव्यावरून ताटात पडते ती कशी, हे तुम्हाला माहीत आहे. वाढणारी बाई सगळ्यांचं झालं की बसते. कुणी तिला 'तू पण बस ना' म्हणतं, ती 'बसते हो' म्हणते, आणि बसत नाही. स्टर फ्रायचं गणितही तसंच आहे. तो थांबत नाही. कढईतून उतरला की लगेच खायचा. पाच मिनिटं ठेवला तर कोबी मऊ, मिरची लुळी, सॉस पाणचट. आणि नीट करायचा तर एका वेळी दोन-तीन माणसांपुरताच होतो. म्हणजे पहिली खेप मुलांना, दुसरी सासू-सासऱ्यांना, तिसरी बायकोला. करणारा उभाच.

आणि करतंय कोण, ते मी वर सांगितलंच.

बी विंगमधल्या किमान दोन घरांत, रविवारी रात्री, बाई टेबलाशी बसून गरम गरम जेवते आहे आणि 'अहो, तुम्ही पण बसा ना' असं तोंडदेखलं म्हणते आहे. अहो 'बसतो, ही एक खेप होऊ दे' असं म्हणतात. शेवटी त्यांच्या वाट्याला कढईच्या कडेला चिकटलेलं गाजर आणि पातीचं देठ येतं, तेही गार भाताबरोबर, ओट्याशी उभ्याने. एकाने तर 'मला आता भूकच नाही, वासानेच पोट भरलं' असं म्हटल्याचं कळतं. हे वाक्य मी माझ्या आईच्या आणि आजीच्या तोंडून ऐकलंय. पुरुषाच्या तोंडी पहिल्यांदाच. बायकोने यावर काय केलं? आणखी भात वाढून घेतला.

अशी कुटुंबं याआधीही झाली आहेत म्हणा. १९४५ साली बूवेई यांग चाओ या अमेरिकेत राहणाऱ्या चिनी डॉक्टरबाईंनी आपल्या स्वयंपाकाचं एक पुस्तक काढलं. हा परतण्याचा प्रकार इंग्रजी वाचणाऱ्या घरांना नीट समजावला तो त्यात. बाईंनी लिहायचं, मुलीने इंग्रजी करायचं, आणि भाषाशास्त्रज्ञ नवऱ्याने त्यात लुडबुड करायची, अशी त्यांची वाटणी होती. या तिघांमधली कुरबुर बाईंनी प्रस्तावनेतच थट्टेने सांगून टाकली आहे. आमच्याकडे प्रस्तावना लिहायची पद्धत नाही, म्हणून हे काम मला करावं लागतं.

आणि आता ताजी खबर. गाजरं काडीने मोजणाऱ्या काकांनी भट्टीची शेगडी आणली आहे. हाय प्रेशरची, केटरिंगवाल्यांकडे असते तसली. घरातल्या १४.२ किलोच्या सिलिंडरच्या रेग्युलेटरवर ती चालत नाही, चालवायचीही नसते, आणि आमच्याकडे तर पाइपचा गॅस. म्हणून काकांच्या डोक्यात गच्ची आहे, आणि १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर. सध्या शेगडी पार्किंगमध्ये त्यांच्या स्कूटरच्या कव्हरखाली आहे, म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. सेक्रेटरींनी या रविवारच्या वार्षिक सभेत विषय घेतलाय. विषयपत्रिकेत सातव्या क्रमांकावर, 'गच्चीचा वापर' एवढंच मोघम. दोन बायकांनी आगीचा धोका म्हणून लेखी विरोध नोंदवलाय, आणि एकीने पाठिंबा, शेगडी पुरुषांनीच वापरावी अशी अट घालून. अट मंजूर झाली तर काय, या विचाराने काही नवरे आत्तापासून प्रॉक्सी शोधताहेत. आमची सभा दरवर्षी कोरमअभावी अर्धा तास तहकूब होते. यंदा खुर्च्या कमी पडतील म्हणून बाजूच्या सोसायटीतून मागवल्या आहेत.